मागची फळी खाचेत बसते की खिळ्यांवर?

खोक्यातून आलेले पहिले कपाट मी जोडायला घेतले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते आणि पत्रकावर जोडणीचा वेळ ४५ मिनिटे असा छापलेला होता. साडेनऊच्या सुमारास मी जमिनीवर मांडी घालून बसले होते, समोर कपाटाचा सांगाडा पालथा पडला होता, स्क्रू आणि लाकडी खुंट्या निवडून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवलेल्या होत्या, आणि पत्रकातील अकराव्या चित्रात ज्या १६ कॅम दाखवल्या होत्या त्यांपैकी माझ्याजवळ १५च होत्या. कॅम म्हणजे बोटाच्या पेराएवढी धातूची गोल चकती. ती फळीच्या भोकात बसवून अर्धा फेरा दिला की दुसऱ्या फळीतून आलेल्या खिळीचे डोके ती आपल्या खाचेत धरते आणि दोन्ही फळ्या एकमेकींकडे ओढून घेते. फिरवताना सुरुवातीला ती मोकळी फिरते, मग हाताला एक बारीकसा अडथळा लागतो, आणि त्यापुढचा जो थोडासा फेरा असतो त्यातच सगळी पकड असते. सोळाव्या कोपऱ्यात ती पकडच नव्हती. तिथे पोस्टकार्ड सहज आत जाईल एवढी फट राहिली होती.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला कळवले. उत्तर आले की सुटा भाग मिळत नाही, तरी संपूर्ण वस्तू परत पाठवावी. मी परतीचा अर्ज भरायला घेतला तेव्हा अटींमध्ये लिहिलेले दिसले की जोडणी सुरू केलेली वस्तू परत घेतली जात नाही. आता कॅम कमी आहे हे जोडणी सुरू केल्याशिवाय कोणाला कसे कळणार, हा प्रश्न मी विचारला, आणि त्याचे उत्तर मला अजून आलेले नाही. ते कपाट पुढे चार वर्षे त्या फटीसह उभे होते. रोज येता-जाता ती फट दिसे, आणि माझा राग कपाटावर नसून ते ज्यांनी विकले त्यांच्यावर आहे हे मला हळूहळू उमगत गेले. कारखान्यात एखादी चकती पिशवीत पडायची राहून जाते, ती चूक कोणाकडूनही होईल. ती पोस्टाने पाठवायची सोय मुद्दाम न ठेवणे हा मात्र ठरवून घेतलेला निर्णय असतो.

तयार टेबल आपण विकत घेतो तेव्हा त्याचा डगमगणारा पाय दुकानातच हाताला कळतो. खोक्यातले टेबल हे टेबल नसतेच. ते अर्धे झालेले काम असते, आणि उरलेले अर्धे आपण करणार हे गृहीत धरून आपल्याला स्वस्तात मिळते. ही तडजोड जुनी आहे. मायकेल थोनेट यांच्या कारखान्याने १८५९ साली बाजारात आणलेली १४ क्रमांकाची खुर्ची वाफेने वाकवलेल्या लाकडाचे ६ भाग, १० स्क्रू आणि २ नट एवढ्यांचीच होती, आणि अशा ३६ खुर्च्यांचे सुटे भाग १ घनमीटरच्या एका पेटीत मावत. १९५०च्या दशकात आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीतील गिलिस लुंडग्रेन यांनी टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, ही गोष्ट तर या व्यवसायाची जन्मकथा म्हणूनच सांगितली जाते. दोन्ही गोष्टींत वाचलेली जागा म्हणजे वाचलेला पैसा. फरक एवढाच की थोनेटच्या खुर्चीचे काम मोजक्या दहा स्क्रूंत संपत होते, आणि माझ्या कपाटात सुट्या वस्तू १३२ होत्या. काम ज्याच्यावर सोपवले त्याला नीट सामान देणे, नीट सांगणे आणि अडले तर मदत करणे हे काम सोपवणाऱ्याकडे येते. विक्रेता पारखताना मी आता हेच पाहते: हा मला गिऱ्हाईक समजतो आहे की कामातला भागीदार?

त्याची पहिली खूण वर्णनाच्या भाषेत सापडते. ‘इंजिनिअर्ड वुड’ हा शब्द मला पूर्वी भारदस्त वाटायचा. त्यात प्लायवुडही येते, एमडीएफही येते आणि पार्टिकल बोर्डही येतो, आणि या तिघांच्या अंगात जमीन-अस्मानाचे अंतर आहे: प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर आडवे-उभे एकमेकांवर चिकटवलेले असतात, एमडीएफमध्ये लाकडाचे तंतू दाबलेले असतात, आणि पार्टिकल बोर्डमध्ये ढलप्या व भुसा. ‘ओक फिनिश’ म्हणजे बहुतेक वेळा ओकच्या रंगाचा आणि रेषांचा छापील कागद, इतकेच. पार्टिकल बोर्ड वाईटच असे मी म्हणणार नाही. योग्य जाडीचा, कडा नीट झाकलेला, कोरड्या जागी ठेवलेला पार्टिकल बोर्ड वर्षानुवर्षे टिकतो आणि एरवी वाया जाणारे लाकूड वापरात आणतो. मला खटकते ते त्याचे नाव न घेणे. जो विक्रेता ‘बाजू आणि कप्पे १८ मि.मी. पार्टिकल बोर्ड, वरून मेलामाइन. मागची फळी ३ मि.मी. एचडीएफ’ (मेलामाइन म्हणजे वरचा कडक, गुळगुळीत थर, आणि एचडीएफ म्हणजे एमडीएफचाच अधिक घट्ट दाबलेला प्रकार) असे सरळ लिहितो, त्याने माझ्या हाती मोजपट्टी दिलेली असते. उद्या फळी १५ मि.मी. निघाली तर मी त्याला त्याचेच वाक्य दाखवू शकते. ‘दर्जेदार लाकडापासून साकारलेले’ हे वाक्य कोणालाच दाखवता येत नाही.

जाडी लिहिलेली नसेल तर वजन पाहावे. ही युक्ती मला कोणी शिकवली नाही. पावसाळ्यातल्या एका रिकाम्या दुपारी कागदावर हिशेब मांडताना ती सापडली. पार्टिकल बोर्डचे वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरले तर १८ मि.मी. जाडीचा एक चौरस मीटर तुकडा पावणेबारा किलोच्या आसपास भरतो. समजा पुस्तकांचे कपाट १८० सें.मी. उंच, ८० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. खोल आहे, त्याला वर-खाली धरून सहा आडव्या फळ्या आहेत. सगळ्या फळ्यांचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरच्या जरा आत येते, मागच्या पातळ फळीचे साडेतीन किलो वेगळे, म्हणजे असे कपाट ३२ किलोच्या आसपास भरायला हवे. पाठवणीसाठी प्रत्येक विक्रेत्याला खोक्याचे वजन कुठेतरी लिहावेच लागते, आणि तिथे २२ किलो लिहिलेले आढळले तर त्या फळ्या १२ मि.मी.च्या असाव्यात असे खुशाल समजावे. जाहिरात लिहिणारा माणूस वेगळा आणि वजन भरणारा वेगळा, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यावर माझा विश्वास अधिक.

जाडीबद्दल एवढा आग्रह का, ते माझ्या जुन्या कपाटाच्या तिसऱ्या कप्प्याने शिकवले. एके दिवशी त्याच्यावरची पुस्तके मधोमध एकमेकांवर रेललेली दिसली. मी फळीच्या दोन टोकांना शिवणाचा दोरा ताणून धरला. टोकांशी दोरा फळीला चिकटलेला होता आणि मध्यावर दोरा आणि फळी यांमध्ये माझी करंगळी जात होती. फळी किती वाकेल याचा हिशेब कठोर असतो. जाडी कमी होते तसे वाकणे तिच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे १८च्या जागी १६ मि.मी.ची फळी त्याच वजनाखाली जवळपास दीडपट वाकते. लांबीचा हिशेब त्याहून निष्ठुर: कप्पा टोकापासून टोकापर्यंत पुस्तकांनी भरणार असाल, तर ८० सें.मी.च्या फळीपेक्षा १०० सें.मी.ची फळी सुमारे अडीचपट वाकते, कारण लांबी वाढली की पुस्तकेही वाढतात. शिवाय पार्टिकल बोर्ड पहिल्या दिवशी वाकून थांबत नाही. भार तोच राहिला तरी तो महिनोन्महिने थोडा थोडा खाली येत राहतो, आणि दमट हवेत अधिकच. म्हणून ‘भारक्षमता ३० किलो’ एवढेच लिहिणाऱ्याला मी विचारते की हे प्रत्येक कप्प्याला की सगळ्या कपाटाला, आणि सारखे पसरलेले वजन की मधोमध ठेवलेले. ज्याच्याकडे फळी खरोखरच तपासलेली असते त्याला हा प्रश्न आगाऊ वाटत नाही.

कडांबद्दल फार लिहीत नाही. फळीचा पृष्ठभाग सगळ्यांचाच छान दिसतो. पाणी शिरते ते कडेतून, आणि शिरले की भुसा फुगतो व तो पुन्हा कधीच बसत नाही. चारही कडांना पट्टी आहे का, की केवळ समोरच्या, दिसणाऱ्या कडेला आहे, एवढे छायाचित्र मोठे करून पाहावे. जमिनीला टेकणारी खालची कड उघडी असेल तर ओले फडके फिरवणाऱ्या घरात तिची गाठ रोजच पाण्याशी पडणार.

वासाबद्दल मात्र थांबून लिहायला हवे, कारण नव्या कपाटाचा तो तिखट वास पुष्कळांना नवेपणाची खूण वाटतो. फळ्यांतील भुसा एकत्र धरणाऱ्या बऱ्याच गोंदांतून फॉर्मॅल्डिहाइड हा वायू हळूहळू बाहेर पडत असतो, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातला आहे. त्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. युरोपीय ‘ई-१’ वर्गाची फळी म्हणजे चाचणीच्या कोठडीतील हवेत दर घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फॉर्मॅल्डिहाइड न सोडणारी. विक्रेत्याला हा वर्ग विचारावा. माझा अनुभव असा की या प्रश्नावर विक्रेत्यांचे दोन तट पडतात: एक लगेच प्रमाणपत्र पाठवतात, आणि दुसरे ‘आमची सर्व उत्पादने पर्यावरणपूरक आहेत’ असे कळवतात.

मी आता कोणतीही वस्तू मागवण्याआधी तिचे जोडणीचे पत्रक वाचते. वस्तू घरी आल्यावर उघडायचा तो कागद आधीच वाचणे हे माझ्या थोरल्या बहिणीला फार हास्यास्पद वाटते. “अगं, लग्नाआधीच घटस्फोटाचे कागद वाचतेस तू,” असे ती म्हणते, आणि मी तिला म्हणते, “ताई, कपाट आयुष्यभर पुरायला हवं, म्हणून तर वाचते.” पत्रकात विक्रेता लपू शकत नाही. चित्रांत भोके नेमकी किती आणि कोणत्या बाजूला आहेत ते दिसते का, सारख्या दिसणाऱ्या दोन स्क्रूंची लांबी शेजारी मोजपट्टी काढून दाखवली आहे का, फळी उलटी बसली तर काय होईल ते खोडलेल्या चित्राने सांगितले आहे का, दोन माणसे लागतील तिथे दोन माणसे काढली आहेत का, एवढे पाहायला पाच मिनिटे लागतात. मुख्य म्हणजे प्रत्येक भागाला क्रमांक आहे का हे पाहावे. ज्या भागाला क्रमांक नाही तो भाग सुटा मागता येत नाही; माझ्या पहिल्या पत्रकात कॅमला नुसते ‘क’ हे अक्षर होते, आणि दुसऱ्या एका टेबलाच्या पत्रकात त्याच अक्षराने काहीतरी वेगळेच दाखवलेले होते. ज्याच्याकडे बंद झालेल्या, आता विक्रीला नसलेल्या वस्तूंचीही पत्रके अजून मिळतात, तो विक्रेता मला मनापासून आवडतो, कारण ती पत्रके ठेवण्यात त्याला एका पैशाचाही लाभ नसतो.

सुट्या भागांचा आणखी एक पैलू मला फार उशिरा कळला. या व्यवसायात काही मापे सगळीकडे रूढ झाली आहेत: कप्पे वर-खाली करण्याची ५ मि.मी. व्यासाची भोके एकमेकांपासून ३२ मि.मी. अंतरावर पाडतात, दाराच्या बिजागरीची वाटी ३५ मि.मी.च्या भोकात बसते, आणि कॅमही बहुधा १५ मि.मी.ची असते. ज्याचे कपाट या मापांवर बेतलेले आहे त्याने आपल्याला परस्वाधीन केलेले नसते. तो उद्या दुकान बंद करून निघून गेला तरी बिजागरी दुसरीकडे मिळते. उलट काही जण स्वतःची खास, इतर कुठेही न बसणारी जोडणी वापरतात. ती कधीकधी खरोखर सोयीची असते, एका टिचकीत बसते, हत्यारही लागत नाही. पण मग आपण त्या विक्रेत्याच्या आयुष्याशी आपल्या कपाटाचे आयुष्य बांधून घेतो. नव्या, हौशी विक्रेत्याकडून असे काही घ्यायला माझे मन धजत नाही.

उंच कपाटाबरोबर त्याला भिंतीशी बांधायची पट्टी येते की नाही, आणि ती बसवण्याची पायरी पत्रकात इतर पायऱ्यांच्याच आकारात छापलेली आहे की शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत, यावरूनही विक्रेत्याची नियत कळते. लहान मूल ड्रॉवर उघडून त्यांवर चढते आणि कपाट त्याच्यावर येते. अशा मृत्यूंनंतर २०१६ साली अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटे परत बोलावली गेली, आणि २०२३पासून तिथे कपड्यांच्या कपाटांना न कलंडण्याची चाचणी कायद्याने सक्तीची झाली. पट्टी आणि स्क्रू खोक्यात टाकायला फारसा खर्च येत नाही. तरी जो ते टाकत नाही, त्याच्या १८ मि.मी.च्या दाव्यावरही माझा विश्वास बसत नाही.

ग्राहकांच्या अभिप्रायांचे काय, असे कोणी विचारील. ते मी वाचते, पण वस्तू पोहोचल्याच्या दिवशी लिहिलेले सोडून देते, कारण त्यात खोके वेळेवर आल्याचा आनंद असतो, कपाटाबद्दल काहीच नसते. वर्षभराने परत येऊन लिहिणारे थोडे असतात आणि तेच कामाचे. तक्रारींपेक्षा तक्रारींखालची विक्रेत्याची उत्तरे अधिक लक्षपूर्वक वाचावीत: प्रत्येकाला तेच छापील दिलगिरीचे वाक्य, की एखाद्याला भागाचा क्रमांक विचारून तो पाठवल्याची नोंद.

मधल्या काळात घर बदलले आणि फट असलेले ते पहिले कपाट सुटे करायची वेळ आली. पार्टिकल बोर्डात एकदा बसलेला स्क्रू काढून पुन्हा त्याच भोकात बसवला की तो पहिल्यासारखा धरत नाही, भुशाचा चुरा त्याच्याबरोबर बाहेर येतो. कॅमचे सांधे बरे उतरले. त्यांची खिळी काढावी लागत नाही, अर्धा फेरा उलटा दिला की फळी सुटते. मागची फळी मात्र बारीक खिळ्यांनी ठोकलेली होती, आणि ती काढताना तिचे तीन तुकडे झाले. कपाटातली सर्वांत पातळ आणि सर्वांत दुर्लक्षित असलेली ही फळीच सबंध सांगाड्याला काटकोनात धरून ठेवते हे मला तेव्हा कळले, कारण नव्या घरात तिच्याशिवाय उभे केलेले कपाट हाताच्या एका धक्क्याने पत्त्यांच्या घरासारखे तिरके होई. दार लावणे अशक्य झाले. शेवटी ते कपाट मी मोडीत दिले.

नवे घेताना तीन विक्रेत्यांची तीन कपाटे पसंतीस उतरली. साहित्य, जाडी, वजन, सगळे जवळजवळ सारखे. तिघांनाही मी एकच प्रश्न लिहून पाठवला: मागची फळी बाजूंच्या खाचेत सरकवून बसते की मागून खिळ्यांनी ठोकायची असते? पहिल्याकडून पाच मिनिटांत उत्तर आले, त्यात कपाटाचे वर्णन, जे मी वाचलेलेच होते, पुन्हा पाठवले होते. दुसऱ्याने लिहिले की फळी उत्तम दर्जाची असते, आपण निश्चिंत राहावे. तिसऱ्याचे उत्तर दोन दिवस आले नाही, आणि मी त्याला यादीतून काढणार तेवढ्यात आले. त्यात लिहिले होते की फळी खिळ्यांवरच बसते, खाच नाही. ती मधोमध दुमडलेली येते. ठोकण्याआधी कपाटाचे दोन्ही कर्ण मोजून सारखे करून घ्यावेत. आणि घर बदलण्याची शक्यता असेल तर खिळ्यांऐवजी १५ मि.मी.चे बारीक स्क्रू स्वतः आणून लावावेत, म्हणजे फळी पुढे न मोडता काढता येईल. सोबत कारखान्यातल्या एका अर्धवट कपाटाच्या मागच्या बाजूचे, घाईघाईने काढलेले, जरा हललेले छायाचित्र होते.

खाचेत बसणारी फळी अधिक चांगली, हे मला ठाऊक होते, आणि उरलेल्या दोघांपैकी एकाची तशी असेलही. मी तिसऱ्याकडूनच कपाट घेतले. ताईला मुद्दाम बोलावून घेतले, कारण मोजपट्टीचे दुसरे टोक धरायला कोणीतरी हवे होते. एक कर्ण १९७.२ सें.मी. भरला आणि दुसरा १९६.८. लांब कर्णाच्या एका कोपऱ्याला मी गुडघ्याने हळूच रेटा दिला, ताईने दुसऱ्या कोपऱ्याशी पाय रोवला, आणि पुन्हा मोजले तेव्हा दोन्हीकडे १९७ आले. “आता हलू नकोस,” असे तिला सांगून मी पहिला स्क्रू बसवला. खिळ्यांची पिशवी न उघडताच पत्रकासह वरच्या कप्प्यात ठेवली आहे.